तिकडं कोण खेळतंय

माझी मान धरली म्हणून मी गोल्फकडे वळले. दातांच्या डॉक्टरची मान कधी ना कधी धरतेच. इतकी वर्षं लोकांच्या उघड्या तोंडांवर वाकून काम केल्यावर एका सकाळी ती डावीकडे वळेचना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. मी हे मामांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "सुम्मने चालणार? उगीच, रिकाम्या हातांनी? त्यापेक्षा माझ्याबरोबर ये की. मी रोज चालतोच."

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. आईचं माहेर म्हणजे जुन्या म्हैसूर संस्थानाच्या घोडदळातल्या मराठ्यांचं घर. घोडे कधीच गेले, पण त्या घरातली माणसं अजून उंच आणि ताठ. माझी उंचीही तिकडचीच. मामांनी कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी केली, तिथल्या एका साहेबाच्या नादानं तरुणपणी गोल्फ शिकले आणि निवृत्तीनंतर तर रोजच खेळायला लागले. बोलायचे मराठीतच, पण त्यांचं वाक्य मराठीत निघून कन्नडमध्ये उतरायचं. आम्हा सगळ्यांचंच तसं. पुण्याहून आलेले पाहुणे हसतात.

आमचं म्हैसूरचं गोल्फचं मैदान रेसच्या मैदानाच्या पोटात आहे. बाहेरच्या गोल वाटेवर सकाळी घोडे पळवतात आणि आतल्या हिरवळीवर आम्ही खेळतो. थंडीच्या दिवसांत चामुंडीच्या डोंगराकडून धुकं येतं आणि जवळची झाडं सोडली तर काही दिसत नाही. अशा वेळी घोडा येतो तो आधी तळपायांना कळतो. मग टापा ऐकू येतात, मग नाकातून फुर्र करून सोडलेला श्वास अगदी कानाशी, आणि मग काहीच नाही. पहिल्या दिवसांत मी दरवेळी दचकून वळायची. मामा म्हणायचे, "बघू नकोस. ते त्यांच्या वाटेनं जातात, आपण आपल्या."

सुरुवातीचे काही महिने बॉल माझ्या हातून हलायचा, जायचा नाही. कधी डोक्यावर फटका बसून तो चार पावलं सरपटायचा, कधी क्लब आधी जमिनीला लागायचा आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. बॉल तर किती हरवले असतील! मामा कधी ओरडले नाहीत. स्वतः बॉलमागे उभे राहायचे, क्लबचं टोक बुटाला लावायचे, ओठांतल्या ओठांत "होगप्पा" म्हणायचे, म्हणजे जा रे बाबा, आणि मारायचे. तो फटका बघायचा नसायचाच, ऐकायचा असायचा. पिकलेला नारळ एका घावात फुटावा तसा आवाज. माझ्या फटक्याचा आवाज पत्र्याच्या डब्यावर पळी आपटल्यासारखा होता.

"खेळ सुधारतोय हे कसं कळतं, मामा?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मार्कांवरून कळत नाही, नोडु, बघ," ते म्हणाले. "मार्क उशिरा येतात. आधी कानाला कळतं."

आणि झालंही तसंच. त्या वर्षीच्या थंडीत, धुकं असलेल्या एका सकाळी मी सात नंबरचा क्लब फिरवला आणि हाताला काहीच जाणवलं नाही. बॉल तिथं नव्हताच असं वाटलं. पण आवाज झाला. नारळ फुटल्याचा. मी मामांकडे पाहिलं, कारण क्षणभर मला वाटलं की फटका त्यांनीच मारला.

"आयतु," ते म्हणाले. झालं. "आता हा आवाज विसरू नकोस."

मग त्यांनी आपला बॉल ठेवला, होगप्पा म्हणाले आणि मारला. पत्र्याच्या डब्यावर पळी आपटली. बॉल थोडासा घरंगळून गवतात थांबला. त्यांच्याकडून असा फटका मी तोवर कधी पाहिला नव्हता. ते हसले, मीही हसले. थंडीनं हात आखडले असतील, असं म्हणून आम्ही पुढं निघालो.

ही गोष्ट मी लक्षातही ठेवली नसती. पण नंतर मला एकेक गोष्ट जमत गेली आणि दरवेळी मामांचं काहीतरी गेलं.

चांगल्या फटक्यात क्लब आधी बॉलला लागतो आणि मग पुढची माती उचलतो. शिकाऊ माणसाचा खड्डा बॉलच्या मागे पडतो. एका फेब्रुवारीत माझे खड्डे पुढं सरकले. स्वच्छ, उथळ, जिभेच्या आकाराचे. मी खुशीत ते मामांना दाखवत होते आणि त्यांच्या पायाशी, बॉलच्या वीतभर मागे, त्यांनी उकरलेली ओली माती होती. उन्हाळ्यात माझे चुकलेले बॉल सगळे एकाच बाजूला जायला लागले. मामा म्हणाले की ही फार चांगली खूण आहे. सगळीकडे चुकणारा माणूस अजून शिकलेला नसतो, एकीकडे चुकणाऱ्याला फक्त थोडं वळायचं असतं. हे ते मला समजावत होते तेव्हा त्यांचे स्वतःचे बॉल चहूकडे विखुरले होते, आणि ते मीच गोळा करत होते.

मग बॉल पाहणं मला जमलं, म्हणजे मारताना मान वर न करणं. त्याच सुमाराला मामा ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर, बॉल ढकलायचा पटर विसरून पुढं जायला लागले. मला वाऱ्याचा अंदाज यायला लागला आणि मामा एका सकाळी वारा कुठून येतोय हे बघायला गवत उडवून तसेच उभे राहिले. गवत खाली पडलं तरी हात वरच. कशासाठी उडवलं, हे त्यांना आठवेना.

एकदा दवाखान्यात मी एका बाईंची दाढ काढत होते. पकड बसली, मी श्वास घेतला आणि माझ्या तोंडून हळूच निघालं, "होगप्पा." बाईंचे डोळे विस्फारले. दाढ सुरेख निघाली, एका झटक्यात. तो शब्द मी बोलले नव्हते. म्हणजे तोंड माझंच होतं, पण बोलण्याआधी मनात शब्द येतो ना, तसा तो आला नव्हता.

चिंचेची गोष्ट त्यानंतरची.

आमच्या मैदानावर एक लांब, सरळ होल आहे. मध्ये काही नाही. नुसतं गवत आणि टोकाला झेंडा. इथं मी नेहमी मामांसारखी झेंड्याकडे तोंड करून सरळ मारायची. एका सकाळी मात्र मी उभी राहिले ती बरीच डावीकडे तोंड करून. का, ते माहीत नाही. पायच तसे पडले. बॉल जमिनीलगत निघाला, डावीकडे बराच गेला आणि शेवटी आपणहून उजवीकडे वळून झेंड्याच्या रेषेत येऊन पडला. असा वळणारा फटका मला येत नव्हता. कुणी शिकवलाही नव्हता.

मामा बॉल पडला तिकडं बघत होते. मग माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुला चिंच कुणी सांगितली?"

"कुठली चिंच?"

त्यांनी हातातल्या क्लबनं समोरचं मोकळं गवत दाखवलं. "तिथं होती. थोरली चिंच. तिला वळसा घालून मारावं लागायचं. मी वर्षानुवर्षं असाच मारायचो, डिट्टो असाच. वादळात पडली. तू इथं यायच्या कितीतरी आधी."

"मग तुम्ही मला तो फटका कधी मारून दाखवला असेल."

"कशाला दाखवीन? झाड गेल्यापासून मी सरळच मारतो की."

मी त्या मोकळ्या गवताकडे पाहत राहिले. तिथं बुंध्याचा मागमूसही नव्हता. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. लहानपणी आईबरोबर इथं कधी आले असेन, झाड पाहिलं असेन. किंवा मामांनीच बोलता बोलता सांगितलं असेल आणि आता ते विसरले असतील. विसरायला तर ते लागलेच होते. पण आई मैदानाच्या फाटकातसुद्धा कधी गेली नव्हती. आणि पुढच्या दिवशीही माझे पाय तिथं डावीकडेच वळले.

मी मामींकडे गेले. मामा बागेत होते. मामी स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. बोलायला लागले आणि मला माझीच लाज वाटली. मी शिकलेली बाई, दात आणि नसा यांतलं मला कळतं. तरी मी म्हणाले, "मामी, मला जे जमतंय ते त्यांच्यातून जातंय असं वाटतं. मी खेळणं सोडते."

मामींनी शेंग मोडायची थांबवली. "तू सोडलंस तर ते परत येईल का त्यांच्यात?"

मी एक शेंग उचलून मोडायला लागले.

"काल त्यांनी बुटाचे बंद बांधता बांधता मला विचारलं, पुढं काय करायचं असतं," मामी म्हणाल्या. "बुटाचे बंद तर तू नाही ना नेलेस? डॉक्टरला दाखवायला पाहिजे. ते तू बघ. बाकीचं बिडु."

बिडु म्हणजे सोड. मी सोडलं आणि मामांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पुढं काय काय होईल तेही सांगितलं: हात थरथरतील, विसर वाढेल, नसलेली माणसं दिसतील, असलेली ओळखू येणार नाहीत. सगळं हळूहळू. परत येताना गाडीत मामा खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हणाले, "मामा, मी काही दिवस येत नाही खेळायला."

"का?"

मी गिअर बदलला. पण त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "घे की. मला आता काय करायचंय? वाया जाण्यापेक्षा घरातच राहिलं."

हे ते इतक्या सहज बोलले, जणू एखादा कोट मला देऊन टाकत होते. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले.

मी पुन्हा खेळायला लागले, आणि वर्षभरात मामांचं खेळणं थांबलं. पण मैदानावर यायचा त्यांचा हट्ट होता. मग मी सकाळी त्या दोघांना गाडीतून आणायची. क्लबहाउसच्या व्हरांड्यात वेताची खुर्ची, मामांच्या अंगावर शाल, शेजारी मामी लोकरीचं विणकाम घेऊन, आणि फ्लास्कमध्ये काफी. मी काही होल खेळून परत यायची. मामी व्हरांड्याच्या पायरीखाली कधी उतरल्या नाहीत. तिथलं गवत म्हणजे पुरुषांची जागा, असं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं, आणि मी खेळत होते तरी ते बदललं नव्हतं.

ती सकाळ मला नीट आठवते. दाट धुकं होतं आणि ऊन त्याच्या मागे पिवळं पडायला लागलं होतं. मी शेवटच्या होलवर, व्हरांड्यासमोरच होते. डोक्यावर मामांची जुनी टोपी. त्यांनीच दिली होती. मी बॉलमागे उभी राहिले, क्लबचं टोक बुटाला लावलं, मारलं. फटका छान बसला. मी वर पाहिलं तर मामी उभ्या राहून मला हातानं बोलवत होत्या.

मी जवळजवळ धावतच गेले. मामा खुर्चीत पुढं वाकून बसले होते. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात आवळून धरलेले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. मी जिथून आले त्या जागेवर होती.

"काय झालं?"

मामींनी मामांकडे बोट केलं. "विचार त्यांनाच."

मामा मामींकडे वळले आणि अगदी हळू आवाजात, एखाद्या परक्या घरात चौकशी करावी तसं म्हणाले, "मी तिकडं खेळतोय. बघितलं ना? मग इथं कोण बसलंय?"

मामी म्हणाल्या, "अहो, ती आपली भाची. ही काय, आली."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी पाहिली. हातातला क्लब पाहिला. मग त्यांनी आपले हात खुर्चीवरून उचलले आणि उलटसुलट करून पाहिले. ते थरथरत होते. "हे कुणाचे?" ते म्हणाले.

मी टोपी काढली. मामींनी त्यांचे हात आपल्या हातांत घेतले. घोड्यांची एक तुकडी धुक्यात आमच्या पलीकडून गेली.

त्या दिवसापासून मी खेळणं बंद केलं. क्लब माळ्यावर टाकले. मामींनीच तसं सांगितलं, आणि मलाही धीर नव्हता. संध्याकाळी दवाखाना आटोपून त्यांच्या घरी जायची, तर मामा शांत बसलेले असायचे. आम्हाला बरं वाटलं. पण ती शांतता बरी नव्हती. ते जेवायचे कमी झाले. मामींनी काफी पुढं केली की पेल्याकडे नुसतं बघायचे. एका संध्याकाळी मी त्यांच्या हातात पेला दिला.

"प्या की, मामा. गार होतेय."

"मेलेल्या माणसाला काफी कशाला?"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "कोण मेलं?"

"तो आता येत नाही खेळायला," मामा म्हणाले. "मी बघत होतो रोज. छान खेळायचा. मग यायचा थांबला. मला कुणी सांगितलं नाही, पण कळतं ना. मी गेलो." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून मलाच धीर दिल्यासारखं म्हणाले, "दुखलं नाही गं काही."

मामी उठून आत गेल्या.

डॉक्टर म्हणाले, या आजारात असंही होतं, वाद घालू नका, मन दुसरीकडे वळवा. म्हणून एका रविवारी आम्ही त्यांना तलकाडला नेलं. कावेरीच्या काठची ती वाळू, तिच्या पोटातून उकरून काढलेली देवळं. मामांना ती जागा पूर्वी आवडायची. व्हीलचेअर वाळूत चालेना, म्हणून मी आणि भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं त्यांना दोन्हीकडून धरून एका देवळाच्या काठापर्यंत नेलं. देऊळ खड्ड्यात होतं, चारी बाजूंनी वाळूचे उतार. मामांनी बराच वेळ खाली पाहिलं. मग वाकून त्यांनी स्वतःच्या पायांवरची वाळू झटकली, नीट, बोटांच्या बेचक्यांतली सुद्धा. आणि ड्रायव्हरला म्हणाले, "कुणी खणून काढलं मला?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. घरी पोचल्यावर मामांना आत नेऊन बसवलं आणि मामी माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या.

"उद्यापासून खेळायला जा," त्या म्हणाल्या. "आम्हाला घेऊन जा."

"मामी, ते घाबरले होते."

"घाबरलेला माणूस निदान जेवतो."

मी क्लब खाली काढले. दुसऱ्या दिवशी टोपी घातली आणि मैदानावर गेले. आता मला मुद्दाम मामा व्हायचं होतं. शेवटच्या होलवर मी त्यांच्यासारखी बॉलमागे थांबले, बुटाला क्लब लावला, होगप्पा म्हटलं, तेही मोठ्यानं. फटका मारून तशीच उभी राहिले, ते राहायचे तशी, वजन पुढच्या पायावर. व्हरांड्याकडे बघायची मला भीती वाटत होती. मामींनी नंतर सांगितलं की मामा खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "बंदा." आला. आणि त्यांनी काफी मागितली.

मग रोज तेच. मामा जेवायला लागले, रंग सुधारला. दोन मामा आहेत ही गोष्ट त्यांनी मान्य करून टाकली होती. एक खेळतो, एक बघतो. दुसऱ्याला पहिल्याबद्दल प्रेम होतं. "आज दमलाय तो," असं मामींना सांगायचे, आणि खरोखरच मी त्या दिवशी दमलेली असायची.

माझा खेळ त्या काळात जितका चांगला झाला तितका त्याआधीही नव्हता आणि नंतरही नाही. मैदानावरचे जुने लोक थांबून बघायचे. एकजण म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या मामांना बघतोय असं वाटतं." त्यांना ते कौतुक वाटत होतं. मला खरं सांगायचं तर त्या खेळाचं सुख नव्हतं. मी क्लब मागे नेला की पुढचं सगळं आपोआप व्हायचं आणि मी कुठंतरी बाजूला उभी असायची. बॉल पडल्यावर परत अंगात यायची. धुक्यात एकटी चालताना कधी कधी वाटायचं की हे पाय ज्या वाटेनं चाललेत ती त्यांना माहीत आहे, मला नाही. दवाखान्यात हातमोजे चढवताना मी हात बघायची. ते माझेच असायचे. तरी बघायची.

मग एका सकाळी, मार्च लागला होता आणि धुकं संपलं होतं, मी शेवटच्या ग्रीनवर आले. बॉल होलपासून हातभर अंतरावर. असा बॉल मामांनी झोपेतही घातला असता. मी घाईत होते. दवाखान्यात एका लहान मुलीचा दात उपटायचा होता आणि ती आल्या आल्या रडणार हे मला माहीत होतं. त्या मुलीचा विचार करत करत मी पटर लावला. बॉल होलच्या काठाला टेकला, गोल फिरला आणि बाहेर आला.

माझ्या तोंडून "शी!" निघालं, आणि मी पाय आपटला. लहानपणी सागरगोट्यांत हरले की आपटायची तसा.

व्हरांड्यातून हसू आलं. मोठ्यानं, खोकला मिसळलेलं. मी वळून पाहिलं तर मामा हसत होते. मी कितीतरी दिवसांत ते हसू ऐकलं नव्हतं. मी पायऱ्या चढून वर गेले.

"हा मी नव्हे!" मामा मामींना सांगत होते. "मी एवढासा बॉल घालवीन? मी नव्हेच!" मग त्यांनी मला पाहिलं. टोपीखालचा चेहरा पाहिला. मला लहानपणी ज्या नावानं हाक मारायचे त्या नावानं त्यांनी हाक मारली.

"काय मामा?"

"पाय काय आपटतेस? एवढी मोठी झालीस."

मी त्यांच्या खुर्चीशी बसले. त्यांनी माझा हात धरला, तळवा उघडून बघितला. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"सुधारलाय हं तुझा खेळ," ते म्हणाले. "घाई सोडून दे, म्हणजे झालं."

हे त्यांनी मला त्याआधी कधीही म्हटलं नव्हतं. आवाजाबद्दल बोलले होते, खड्ड्यांबद्दल बोलले होते, पण तुझा खेळ असं नाही. त्या सकाळी मी दवाखान्यात उशिरा पोचले. ती मुलगी रडून झोपली होती.

मामा त्यानंतर दोन-तीन महिने होते. मला त्यांनी परत ओळखलं असं खात्रीनं सांगता येणार नाही. पण आपण मेलो आहोत असं ते पुन्हा बोलले नाहीत, आणि मैदानावरच्या त्या दुसऱ्या माणसाची चौकशीही त्यांनी केली नाही. एका दुपारी, जेवण झाल्यावर, झोपेतच गेले. मामींनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज स्थिर होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आता खरंच."

दिवसकार्य झाल्यावर मी मैदानावर गेले. माझा खेळ पार बिघडला होता. बॉल डोक्यावर फटका खाऊन सरपटत होते, चहूकडे जात होते. खाली बसून मी रडले, आणि त्या रडण्यात थोडं हायसंही वाटत होतं. नंतर हळूहळू काही परत आलं, काही आलंच नाही. आता माझा बॉल उंच जातो आणि फार लांब जात नाही. हा खेळ कुणासारखा आहे, ते मला कुणी सांगत नाही.

परवा, या थंडीत, मामींनी आपणहून फोन केला. "मला ने तिकडं," म्हणाल्या. मी त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली, तर त्या बसल्या नाहीत. चपला पायरीवर काढल्या आणि अनवाणी गवतात उतरल्या.

"मामी, ओलं आहे. पाय गारठतील."

"गारठू देत. कुठून कुठं जायचं असतं ते दाखव."

आम्ही पहिल्या होलपासून निघालो. धुकं होतं. मी मारायची, मग दोघी चालायच्या. मामी विचारत होत्या, मी सांगत होते, हे काय, ते काय. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या माझ्या अगदी बाजूनं चालत नाहीत. आमच्या दोघींच्या मध्ये जागा होती, एक माणूस मावेल एवढी. मी जरा त्यांच्याकडे सरकले, तर त्याही तेवढ्याच पलीकडे सरकल्या.

"जवळ या ना, मामी. धुक्यात दिसत नाही नीट."

"मला दिसतंय," मामी म्हणाल्या. "चल तू."

मी चालत राहिले.